हयातीचा दाखला

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून एक सिनेमा दाखवला, 'द लास्ट फुल मेझर', २०१९ चा अमेरिकन. व्हिएतनाममध्ये मेलेल्या एका पोराला चौतीस वर्षांनी तिकडचं सर्वोच्च पदक मिळतं त्याची गोष्ट. आमची सोसायटी विश्रांतवाडीत, म्हणजे एका मजल्यावर बीईजीतून, खडकीच्या लष्करी इंजिनीअर दलातून, रिटायर झालेलं कुणीतरी, वरच्या मजल्यावर खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीतलं, आणि मधे सगळे आयटीवाले. सिनेमा संपला, ट्यूबलाइटी लागल्या, दोनचार जणांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले, चहा आणि बाकरवडी आली आणि चर्चा सुरू झाली. ती अजून संपलेली नाहीये, लिफ्टमध्ये भेटलं तरी लोक तिथूनच पुढे सुरू करतात, आणि मला राहून राहून वाटतंय की सगळेच जण भलत्याच मुद्द्यावर भांडतायत, म्हणून हे लिहितोय.

तीन पार्ट्या पडल्यात. पहिलीचं म्हणणं, बघा तिकडे सैनिकाची किंमत, चौतीस वर्षांनी का होईना पण शोधून काढून देतात, नाहीतर आपल्याकडे. दुसरी पार्टी बहुतेक तरुणांची, की कसलं पदक न् कसलं काय, ते युद्धच मुळात चूक होतं, लाखो व्हिएतनामी माणसं मेली आणि आपण इथं बसून अमेरिकन सैनिकांच्या डोळ्यातलं पाणी बघतोय. तिसरी पार्टी व्यवहारी. मेलेल्याला पदक देऊन उपयोग काय, त्यापेक्षा जिवंत आहेत त्यांना वेळेवर पेन्शन आणि औषधं द्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिघांचाही समज असा की उशिरा घेतलेली दखल म्हणजे मेलेल्या माणसाला दिलेलं बक्षीस, आणि वाद फक्त ते द्यावं की नाही एवढाच. मला वाटतं ते बक्षीस नाहीच, ती नोंदीतली दुरुस्ती आहे. सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं तर आपण तलाठ्याकडे खेटे घालतो ना, पन्नास वर्षांपूर्वीची चूक असली तरी घालतो, तेव्हा कुणी म्हणतं का की आजोबा तर गेले, आता सोडा? आणि या दुरुस्तीचा उपयोग मेलेल्याला नसतोच, तो असतो जे तिथं होते आणि जिवंत राहिले त्यांना. कारण दुरुस्ती करायची तर कुणालातरी त्यांच्यासमोर बसून विचारावं लागतं की त्या दिवशी काय झालं, आणि ऐकून लिहून घ्यावं लागतं. जे काही भरून यायचं ते तिथं येतं, रिबिनीला लटकलेल्या धातूनं नाही.

आधी मूळ गोष्ट सांगतो, कारण चर्चेत ती कुठल्या कुठे गेली. ११ एप्रिल १९६६, सायगावच्या पूर्वेकडचं जंगल. अमेरिकन लष्कराची चार्ली कंपनी चारही बाजूंनी घेरली गेली होती. विल्यम पिट्सनबार्गर हा एअर फोर्सचा पॅरारेस्क्यूवाला, वय २१, हेलिकॉप्टरमधून दोराला लटकून खाली उतरला, जखमींना बांधून वर पाठवायला लागला. नऊ जण वर गेले. मग हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या, त्याला वर यायची संधी होती, त्यानं हातानं खूण करून हेलिकॉप्टर परत पाठवलं आणि स्वतः खाली राहिला. ज्यांच्यासाठी राहिला ती त्याची पल्टनसुद्धा नव्हती, दलच वेगळं. रात्री तो मारला गेला. त्याच वर्षी एअर फोर्स क्रॉस मिळाला, म्हणजे दोन नंबरचं पदक. मेडल ऑफ ऑनर मिळालं ८ डिसेंबर २००० ला, ओहायोत, आणि ते घ्यायला त्याचे म्हातारे वडील होते.

सिनेमात या उशिरामागे एक मोठं कारस्थान दाखवलंय, वरच्या लोकांना काहीतरी झाकायचंय वगैरे, आणि एक पेंटॅगॉनमधला वकील ते खणून काढतो. तो वकील काल्पनिक आहे. खरं कारण फार नीरस होतं, कागद पुरेसे नव्हते. ज्यांनी बघितलं त्यातले कित्येक त्याच दिवशी गेले, उरलेले जखमी होऊन अमेरिकाभर पांगले, आणि प्रत्येकाचा जबाब घेत बसायला कुणाला वेळ नव्हता. माझ्या मते सिनेमानं इथं स्वतःचंच नुकसान करून घेतलंय, कारण खलनायक असला की आपली सुटका होते, त्याला हरवलं की झालं. 'कुणी विचारलंच नाही' हे कारण जास्त भयंकर आहे कारण त्यात आपण सगळेच येतो. पण सिनेमात एक गोष्ट मात्र अगदी बरोबर पकडलीय, कदाचित दिग्दर्शकाच्या मनात नसतानाही. बरे होतात ते जबाब देणारे म्हातारे. एकाला झोप लागत नाही, एकजण माणसांपासून लांब जाऊन राहिलाय, आणि तो वकील वही घेऊन समोर बसल्यावर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडतं. पदकाचा समारंभ शेवटी आहे, पण तोवर काम झालेलं असतं.

आता कुणी म्हणेल हा तुमचा सिनेमाई अर्थ झाला. बरं, मग आपल्याकडचं उदाहरण घ्या, पुण्याचंच. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्यातला, १९५० चा, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत रणगाड्यात गेले, वय २१, पिट्सनबार्गरएवढंच. त्यांना परमवीरचक्र मिळायला अजिबात उशीर झाला नाही, पुढच्याच प्रजासत्ताक दिनाला मिळालं. म्हणजे पहिल्या पार्टीच्या हिशोबानं सगळं जिथल्या तिथं झालं. पण वडिलांचं, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपालांचं, काय? २००१ साली, वय ८१, ते आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. तिथं ज्यांच्या घरी उतरले ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर, त्यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं की तुमच्या मुलाचा रणगाडा माझ्या गोळ्यानं गेला. कसा लढला, किती जवळून, सगळं सांगितलं. तीस वर्षं घरात देशातलं सर्वोच्च पदक होतं, पण आपलं पोर नेमकं कसं गेलं हे समोरासमोर सांगणारा माणूस भेटला तो सीमेपलीकडे, आणि तोही मारणारा. पदक आणि साक्ष या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे मला यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

दुसऱ्या पार्टीचा मुद्दा मी हलका घेत नाही, उलट तिघांत तोच सगळ्यात वजनदार आहे. पदकं युद्ध गोंडस करतात. एक शूर मुलगा दाखवला की त्याला तिथं कुणी आणि का पाठवलं हा प्रश्न मागे पडतो, आणि व्हिएतनामसारख्या युद्धात तर तोच मुख्य प्रश्न होता. जंगलांवर विष फवारलं, गावंच्या गावं जाळली, त्या माणसांचे जबाब कुणी घेतले? हे सगळं मान्य. पण यावर उपाय दखल न घेणं हा आहे का? १६ मार्च १९६८ ला माय लाय गावात अमेरिकन सैनिक बायकापोरांना गोळ्या घालत होते, तेव्हा ह्यू थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन पायलटनं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवलं, आणि हेलिकॉप्टरमधल्या आपल्या साथीदारांना सांगितलं की या सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. परत आल्यावर त्याचं कौतुक तर सोडाच, वर्षानुवर्षं त्याला गद्दार म्हणून वागवलं. त्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना सोल्जर्स मेडल मिळालं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी, आणि तिघांपैकी एक तर १९६८ लाच लढाईत गेला होता. ही उशिराची दखल युद्धाला गोंडस करते की नागडं करते? माणसांनी काय केलं हे नावानिशी, तारखेनिशी लिहायला बसलं की त्यात पिट्सनबार्गरही येतो, थॉम्प्सनही येतो आणि गोळ्या घालणारेही येतात. गोंडस होतं ते अर्धवट लिहिल्यामुळे. युद्धाला विरोध असलेल्यांनी तर नोंदी पूर्ण करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडायला पाहिजे.

आणि चुकलेल्या किंवा फसलेल्या मोहिमांवर गप्प बसायची खोड फक्त अमेरिकेची नाही. आपली शांतिसेना १९८७ ते १९९० श्रीलंकेत होती, ११०० च्या वर जवान गेले, मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटचे, जन्मानं मुंबईकर, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आता आपल्या मुलांना विचारून बघा या मोहिमेबद्दल. कारगिल धडाधड सांगतील, सिनेमे आहेत ना. श्रीलंकेचं नाव काढलं की गप्प. त्या जवानांची नावं कोरलेलं स्मारक श्रीलंकेनं कोलंबोजवळ उभारलं, आणि आपलं दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक उघडलं २०१९ च्या फेब्रुवारीत. जिंकलं तर सोहळा आणि नाही जिंकलं तर अवाक्षर नाही, अशी सगळी व्यवस्था असेल तर पोटात गोळी घेतलेल्या शिपायानं कुठं बघायचं? त्याची गोळी तर दोन्हीकडे सारखीच असते.

आता व्यवहारी पार्टी. आधी पोट, मग मान, या म्हणण्यात मराठी माणसाला तरी खोट काढता येणार नाही, कारण आपल्याकडची रीतच ती. सभासदाची बखर काढून बघा, अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केलं, तर जखमींना जखम पाहून होन दिले, जे पडले त्यांच्या मुलांना चालवलं, मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन. पेशव्यांच्या दप्तरात तर पडलेल्यांच्या पोरांसाठी बालपरवेशी नावाचा खर्चच आहे. पण मला त्यातला 'जखम पाहून' हा भाग महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी जखम पाहिली. दोनशे होनांची कुठली आणि पंचवीस होनांची कुठली हे ठरवण्यासाठी माणूस समोर बसवून बघितलं. म्हणजे पैसे आणि दखल ही दोन टोकं नव्हतीच, दखल घेतल्याशिवाय पैसे निघतच नव्हते.

आजही तेच आहे. अपंगत्वाच्या पेन्शनचा सगळा तंटा एका वाक्यावर असतो, दुखापत किंवा आजार नोकरीमुळे झाला की नाही. ते कुठं लिहिलेलं नसेल तर माणूस वर्षानुवर्षं ट्रिब्युनलच्या पायऱ्या झिजवतो. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंह यांच्या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नंतर आजार झाला तर तो नोकरीमुळे झाला असंच धरायचं, तसं नाही हे सरकारनं सिद्ध करायचं. केवढा मोठा निकाल, आणि तो उभा कशावर आहे, तर भरतीच्या वेळच्या एका कागदावर. २०१० मध्ये सशस्त्र दलांच्या ट्रिब्युनलनं कारगिलमधल्या बटालिकच्या लढाईची अधिकृत नोंद दुरुस्त करायला सांगितली, कारण एका ब्रिगेडियरनं केलेलं काम त्यात नीट आलंच नव्हतं. तेव्हा पेन्शन द्या आणि पदकं ठेवा बाजूला, असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की पेन्शनची फाइल कशाची बनते?

माझे थोरले मामा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे त्याच बीईजीतून, हवालदार म्हणून रिटायर झाले, एकाहत्तरला शकरगढच्या बाजूला माइन काढायच्या पार्टीत होते. दर नोव्हेंबरला त्यांना हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत नेतो. (कुठली बँक ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे एकच रांग असते.) ते अंगठ्याचं मशीन असतं ना, त्यावर मामांची बोटं उमटत नाहीत, उजव्या हाताची दोन बोटं तर आधीच अर्धी आहेत आणि बाकीच्यांवरच्या रेघा झिजल्यात. काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी, आजोबा परत ठेवा, आजोबा जरा दाबून ठेवा, असं सात-आठ वेळा झालं, मग मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीनचं मत दिसतंय मी गेलोय म्हणून." रांगेतले सगळे हसले. गेल्या वर्षी मी घरी मोबाइलवर केलं, त्यात चेहरा दाखवून पापणी मिटवायची असते. मामांनी पापणी मिटवली, हिरवी खूण आली, झाले वर्षभर जिवंत. मला तेव्हा कारगिलच्या ग्रेनेडियर योगेंद्र सिंह यादवांची आठवण झाली, त्यांचं परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं आणि मग कळलं की माणूस हॉस्पिटलमध्ये जिवंत आहे. बरं, मामांचा हा दाखला काय सांगतो? एवढंच की माणूस श्वास घेतोय. त्या अर्ध्या बोटांबद्दल कुठल्याच मशीननं कधी विचारलेलं नाही.

आपल्याकडे एक तिसरीच तऱ्हा आहे, उशिरा का होईना वाजतगाजत. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात जवान, १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखाली शरीर गेलं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रम, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री २०१८ मध्ये. सिनेमा २०२४ मध्ये. अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर, २०२५ च्या जानेवारीत. सिनेमा आल्यावर पुण्यात जो तो म्हणायला लागला अरे हे तर आपल्या इथलेच. मग इतकी वर्षं कुठं होतात? मी पण कुठं होतो? खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, तिथं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे जवान आहेत, रेंज हिल्सवरून जाताना आपण ती पाटी हजार वेळा वाचलेली असते. पुढारी पदकाचा वापर स्वतःच्या फोटोसाठी करतात हा आक्षेप इथं शंभर टक्के लागू आहे, आणि तो खोडायची मला काही गरज वाटत नाही, करतातच. फक्त त्यांना तसं करता येतं कारण मधली पन्नास वर्षं कोरी असतात. ज्याचं वेळच्या वेळी लिहून ठेवलंय त्याच्या गळ्यात अचानक हार घालून 'शोध लावला' असं म्हणता येत नाही.

ही कोरी पानं ठेवायची आपली सवय फार जुनी आहे. पानिपतची बातमी ज्या चिठ्ठीनं पेशव्यांना कळली ती शाळेत सगळ्यांनी वाचलीय, दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. आपण ते वाक्य वाचून हळहळतो, भाषेचं कौतुक करतो, पण खुर्दा म्हणजे माणसं हे कधी डोक्यात शिरतं का? त्या खुर्द्यात तुमचे-माझे खापरपणजोबा असतील. भोरजवळ आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे दोन वीरगळ आहेत, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवपिंडीची पूजा करतोय. नाव नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतंच. लोक शेंदूर लावतात, अमावस्येला नारळ फोडतात, आणि हा कोण विचारलं तर म्हणतात देव आहे. देव करून टाकला की नाव लक्षात ठेवायची जबाबदारी संपते.

इंग्रजांनीही तेच केलं. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव दगडी पाट्या लावल्या, सातारा-रत्नागिरीकडे अजून आहेत, या गावातून इतके जण लढाईला गेले, त्यापैकी इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत. आणि खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन बघा, दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त जणांच्या ओळीनं शिळा, प्रत्येकीवर नाव, पल्टन, वय, खाली आईबापांनी निवडलेली एखादी ओळ, आणि गवत असं कापलेलं की चप्पल घालून जायची लाज वाटावी. दोन्ही एकाच साम्राज्याचं काम. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच समिती नेमून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० जणांची, ज्यात भारतीय आणि आफ्रिकन जास्त, स्मृती बरोबरीनं राखली गेली नाही, आणि एक लाखाहून अधिक जणांची तर नावानिशी नोंदच नाही. माफी मागितली. शंभर वर्षांनी. कुणी म्हणेल आता काय उपयोग. ज्या घरात पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत एवढंच माहितीय, त्या घराला विचारा.

एक आक्षेप राहिला, आणि तो चर्चेत कुणी घेतला नाही पण मला स्वतःलाच सगळ्यात जास्त टोचतो. म्हाताऱ्या माणसांना विचारून खपली कशाला काढायची? गप्प आहेत म्हणजे विसरलेत, किंवा विसरायचंय. हे कधीकधी खरं असतं. प्रत्येकाला बोलून बरं वाटतं असं मुळीच नाही, आणि ज्याला नको त्याला विचारू नये, डॉक्टर लोकही खोदून खोदून विचारायला सांगत नाहीत. पण गप्प असणं आणि गप्प केलेलं असणं यात फरक आहे ना. १८ नोव्हेंबर १९६२, चीनशी युद्ध, लडाखमधलं रेझांग ला, मेजर शैतान सिंह आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी (योगायोगानं इथंही चार्लीच), सुमारे १२० जण, त्यातले मोजके वाचले. ते खाली आले आणि सांगायला लागले की शेवटच्या गोळीपर्यंत लढलो, तर लोकांचा विश्वास बसेना. पुढे काही महिन्यांनी एक मेंढपाळ तिकडे गेला तेव्हा बर्फात गोठलेले जवान सापडले, कुणाच्या हातात रायफल तशीच, कुणाच्या हातात ग्रेनेड. मेलेल्यांनी साक्ष दिल्यावर जिवंतांवर विश्वास बसला. अशा माणसानं नंतर कधी तोंड उघडलं नाही तर आपण म्हणणार का की त्याला बोलायचं नव्हतं?

अमेरिकेचं कौतुक करणाऱ्या पहिल्या पार्टीला म्हणूनच मी सांगतो की कौतुक करायचंच तर पदकाचं नको, पद्धतीचं करा. तिकडे पदकाला मुदत आहे, पण संसद ती मुदत बाजूला ठेवू शकते, आणि जुन्या फाइली परत उघडून बघायची सोय आहे. १९९७ ला दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर दिलं, तेव्हा त्यातला एकच जिवंत होता. तेही लाजिरवाणंच आहे, पण उघडली तरी. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०२१ मध्ये संरक्षण खात्यानं धोरण जाहीर केलं की युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करायच्या आणि मोहिमेचा इतिहास पाच वर्षांत लिहून काढायचा. कागदावर छान आहे. पण तोवर एकाहत्तरवाले पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत, आणि दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याच्या रांगेत मला ओळखीची तोंडं कमी दिसतायत. सरकारनं लिहायचं तेव्हा लिहील. घोरपडीचं युद्ध स्मारक पुणेकरांनी लोकवर्गणीतून उभं केलंच ना, मग वहीपेन घेऊन बसायला कुणाची मंजुरी पाहिजे?

हे सगळं मी मोठ्या तावातावानं लिहितोय खरं, पण त्या शनिवारी क्लब हाऊसमध्ये माझ्या मोजणीनं सात माजी सैनिक होते. दीड तास आम्ही सैनिकाच्या मनावर बोललो आणि सातपैकी एकालाही कुणी विचारलं नाही. मामा मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, चहा पिऊन निघून गेले. मी त्यांचा भाचा, वीस वर्षं खालीवर राहतोय, मीसुद्धा नाही विचारलं.

गेल्या रविवारी वही घेऊन गेलो. थेट बोटांबद्दल विचारायची हिंमत झाली नाही, म्हटलं मामा, त्या पार्टीत तुमच्याबरोबर कोण होतं. बराच वेळ टीव्हीकडे बघत होते, मग म्हणाले, एक खटाव तालुक्यातला पोरगा होता, माळकरी. रम प्यायचा नाही, त्याचा कोटा मी घ्यायचो आणि त्याबदल्यात त्याला माझा दुधाचा डबा. तो डबा तसाच राहिला माझ्याकडे, पंधरा दिवस पिट्टूत घेऊन फिरत होतो. मग नाव सांगितलं. ते इथं देत नाही, त्याच्या घरी कुणी असेल तर आधी त्यांना विचारायला हवं. मी वहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं, पुढे 'शिपाई' लिहिलं. मामा चष्मा लावून वहीवर वाकले, अर्ध्या बोटानं त्या शब्दावर टकटक केलं आणि म्हणाले, "शिपाई नव्हे रे. सॅपर. सॅपर लिही."